किल्ला आणि किल्ली

मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा नावाचा एक खडक आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवछत्रपतींनी तेथे पूजन केले आणि समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या उभारणीस आरंभ झाला. पायात शिसे ओतून, खाऱ्या पाण्याशी झुंज घेत, सुमारे तीन वर्षांत ४८ एकरांचा हा जलदुर्ग उभा राहिला. सिद्दी, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज यांच्या तोंडावर उभा केलेला तो स्वराज्याचा पहारेकरी होता. शत्रू सागरमार्गे येऊ शकतो, हे ज्या द्रष्ट्या राजाला सतराव्या शतकात कळले होते, त्याच्याच महाराष्ट्रात तीनशे चव्वेचाळीस वर्षांनी, त्याच महिन्यात, तिथीचा हिशेब सोडला तर केवळ एका दिवसाच्या अंतराने, २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी त्याच सागरातून मुंबईत उतरले. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका त्यांनी भर समुद्रात बळकावली, तिच्यावरील खलाशांना आणि तांडेलाला ठार मारले आणि कुलाब्याच्या मच्छीमार नगरात पाय ठेवला. त्यानंतरच्या तीन दिवसांत १६६ निरपराध जीव गेले.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात असे गाव क्वचितच सापडेल, ज्याचा चाकरमानी मुंबईत नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्या रात्री दहाच्या सुमारास गोळीबार सुरू झाला, तेव्हा अकराच्या सुमारास सुटणाऱ्या कोकणकन्या एक्स्प्रेससाठी किती जण घरून निघाले असतील आणि कुडाळ-कणकवलीच्या किती घरांतून रात्रभर फोन लावले गेले असतील, याची कल्पना येथील माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही. मुंबईवरचा घाव कोकणाच्या काळजावर उमटतो. म्हणूनच त्या घटनेनंतर काय झाले, हा प्रश्नही येथील समाजाचा आहे.

दहापैकी नऊ जण मारले गेले. एक जिवंत सापडला. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातातल्या लाठीनिशी पुढे झेपावून त्याच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर झेलल्या, परंतु पकड सोडली नाही. साताऱ्याच्या मातीतल्या या साहाय्यक उपनिरीक्षकाचे बलिदान आज प्रत्येकाला ठाऊक आहे. दर नोव्हेंबरात त्यांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण केले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु ओंबळे यांनी प्राण देऊन जो जिवंत पकडून दिला, त्याला पुढची चार वर्षे जिवंत ठेवण्याचे काम कोणी केले? अजमल कसाबच्या कोठडीची किल्ली कोणाच्या कमरेला होती? त्याची थाळी आधी कोण तपासत होते, रात्री दोन वाजता त्याचा श्वास चालू आहे ना हे कोण पाहत होते? या प्रश्नांची उत्तरे समाजाला ठाऊक नाहीत आणि ती विचारावीत असे कधी कोणाला वाटलेही नाही. रणांगणावरचे शौर्य डोळ्यांत भरते. कुलपापाशी उभे राहून गाजवलेले शौर्य मात्र दिसत नाही, कारण त्याचे यश काहीही न घडण्यातच असते.

जगात हा प्रश्न एका माणसाने पुस्तकरूपाने मांडला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नाझी राजवटीचे जिवंत हाती लागलेले प्रमुख प्रथम लक्झेंबर्गमधील मोंडॉर्फ येथे आणि ऑगस्ट १९४५ पासून न्यूरेम्बर्गच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्या दोन्ही ठिकाणचा प्रमुख होता अमेरिकी घोडदळातून आलेला कर्नल बर्टन अँड्रस. शिस्तीचा कडवा, काहीसा ताठर, सहकाऱ्यांमध्ये फारसा लोकप्रिय नसलेला असा हा अधिकारी. त्याने १९६९ साली आपल्या या कामाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. ‘न्यूरेम्बर्गचा तुरुंगाधिकारी’ ही त्याची ओळख इतिहासात कायम झाली. त्याच्या ताब्यात हर्मन गोअरिंग होता, रुडॉल्फ हेस होता, रिबेनट्रॉप होता, सेनापती कायटेल आणि योडल होते. ज्यांच्या आज्ञेने लक्षावधी माणसे मारली गेली, त्यांची प्रकृती सांभाळणे हे अँड्रसचे नित्यकर्म होते.

हे काम कसे चालत असे, ते जाणण्याजोगे आहे. कैद्यांचे कमरपट्टे, गळपट्टे आणि बुटांच्या नाड्या काढून घेतल्या जात. कोठडीतले मेज मुद्दामच इतके कच्चे ठेवलेले असे की, त्यावर चढून कोणी गळफास लावू पाहील तर ते मोडून पडावे. चष्मे रात्री परत घेतले जात. झोपताना डोके आणि हात पांघरुणाबाहेर, पहारेकऱ्याला दिसतील असे ठेवण्याचा दंडक होता. एवढे करूनही ऑक्टोबर १९४५ मध्ये, खटला उभा राहण्यापूर्वीच, रॉबर्ट ले या आरोपीने टॉवेलच्या पट्टीने स्वतःचा गळा आवळून जीव दिला. त्यानंतर प्रत्येक कोठडीच्या दाराशी एक स्वतंत्र पहारेकरी दिवसरात्र उभा राहू लागला. मोंडॉर्फला आला तेव्हा गोअरिंग स्थूल आणि मादक गोळ्यांच्या आहारी गेलेला होता. तुरुंगातल्या डॉक्टरांनी त्याचे व्यसन सोडवले, वजन उतरवले, त्याची बुद्धी पुन्हा धारदार केली. ज्याला फाशी होण्याची दाट शक्यता होती त्याला ठणठणीत करण्याचा हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न त्या काळीही अनेकांच्या मनात आला असणार.

त्याचे उत्तर खटल्याने दिले. वस्तुतः युद्ध संपत आले असता नाझी पुढाऱ्यांना पकडताच गोळ्या घालाव्यात, असे ब्रिटनच्या नेतृत्वाचे प्रारंभीचे मत होते. तसे झाले असते तर काम एका दिवसात उरकले असते. त्याऐवजी २० नोव्हेंबर १९४५ पासून जवळजवळ वर्षभर न्यायालय बसले. नाझींच्याच स्वाक्षऱ्यांचे आदेश, त्यांच्याच नोंदवह्या, छळछावण्यांची चित्रफीत, हे सारे आरोपींच्या डोळ्यांदेखत मांडले गेले. १ ऑक्टोबर १९४६ रोजी शिक्षा सुनावल्या गेल्या, त्यात बारा जणांना मृत्युदंड होता, सात जणांना कारावास होता आणि तीन जण चक्क निर्दोष सुटले. या तीन सुटकांमुळेच उरलेल्या शिक्षांना वजन आले. ‘असे काही घडलेच नाही’ असे म्हणण्याची सोय पुढच्या पिढ्यांतील जर्मनांना उरली नाही, याचे श्रेय त्या खटल्याला आहे. आणि खटला होऊ शकला, कारण आरोपी जिवंत होते.

तथापि अँड्रसची कहाणी संपूर्ण विजयाची नाही. १५ ऑक्टोबर १९४६ च्या रात्री, फाशीला अवघे काही तास उरले असता, गोअरिंगने सायनाइडची कुपी फोडून स्वतःला संपवले. ती कुपी त्याच्यापर्यंत राहिली कशी किंवा पोहोचली कशी, यावर पुढे अनेक वर्षे वाद झाले. एवढ्या पहाऱ्यातून एक कैदी निसटला आणि मुख्य आरोपीच्या बाबतीत अखेरचा शब्द न्यायालयाचा राहिला नाही, तो आरोपीचा झाला. तुरुंगाधिकाऱ्याच्या आयुष्यात याहून कडू क्षण असू शकत नाही. शेकडो रात्री जागून राखलेली किल्ली एका रात्री फसली आणि जगाने तीच एक रात्र लक्षात ठेवली.

न्यूरेम्बर्गची एक दुसरी बाजूही भारतीयांनी विसरता कामा नये. विजेत्यांनी पराभूतांचा न्याय करावा, हे कितपत न्याय्य, हा प्रश्न टोकियोच्या खटल्यात भारताच्याच न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी आपल्या विस्तृत विरोधी निकालपत्रात उपस्थित केला होता. आणखी एक योगायोग लक्षणीय आहे. ज्या नोव्हेंबर १९४५ मध्ये न्यूरेम्बर्गचा खटला उभा राहिला, त्याच महिन्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लाँ हे ब्रिटिशांच्या लष्करी न्यायालयापुढे उभे होते. त्यांच्यावरील आरोप होता राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा, भारतीय दंडविधानाचे कलम १२१. साठ-पासष्ट वर्षांनी हेच कलम कसाबवर लागले. कलम एक, शब्दही जवळजवळ तेच. पण एकीकडे मातृभूमीच्या मुक्तीसाठी गणवेशात, उघड रणांगणावर लढलेले सैनिक आणि दुसरीकडे रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहणाऱ्या बायकामुलांवर गोळ्या झाडणारा मारेकरी. कायद्याचे अक्षर या दोहोंत फरक करू शकत नाही. तो फरक करते ती चौकशीची निखळता, पुराव्याची कसोटी आणि सत्तेचा नैतिक अधिकार. परकीय सत्तेने तो अधिकार गमावलेला होता, म्हणून लाल किल्ल्यातील निकालाला देशाने धुडकावून लावले. स्वतंत्र भारताला तो अधिकार प्रत्येक खटल्यात नव्याने सिद्ध करावा लागतो.

बंदिवान शत्रूशी कसे वागावे, हे शिकण्यासाठी महाराष्ट्राला न्यूरेम्बर्गपर्यंत जाण्याचीही गरज नाही. सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडे राजापूर आहे. तेथे इंग्रजांची वखार होती. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या माणसांसह तोफा-दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीस गेला आणि इंग्रजांचे निशाण फडकावून त्याने गडावर मारा केला. व्यापाऱ्याचा परवाना घेऊन आलेल्याने युद्धात उतरावे, हा उघड विश्वासघात होता. १६६१ च्या मार्चमध्ये महाराजांनी राजापूर गाठले, वखार खणून काढली आणि या इंग्रजांना कैद केले. वासोटा, सोनगड अशा किल्ल्यांवर ते सुमारे दोन वर्षे अटकेत होते. मध्यंतरी त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला आणि बंदोबस्त अधिक कडक झाला. परंतु त्यांचा शिरच्छेद झाला नाही. त्यांना आपल्या सुरतेच्या वरिष्ठांशी पत्रव्यवहार करू दिला गेला. त्या पत्रांतून त्यांनी सुरतेच्या अध्यक्षाला दूषणे दिली, तेव्हा उलट टपाली त्यालाच त्यांना बजावावे लागले की, ही कैद कंपनीचा माल राखल्यामुळे ओढवलेली नाही, पन्हाळ्यावर इंग्रजी निशाणाखाली गोळे टाकल्याचे हे फळ आहे. शत्रूच्या वरिष्ठाने, शत्रूच्याच भाषेत, गुन्ह्याची दिलेली ही कबुली! कैदी जिवंत राहिले म्हणूनच ती कागदावर उतरली आणि म्हणूनच आज इतिहासाला उपलब्ध आहे.

हा केवळ क्षमेचा प्रसंग होता, असे समजण्याचे कारण नाही. त्यामागे पक्का राजकीय हिशेब होता. दंडाची मागणी होती, जंजिऱ्याच्या मोहिमेत साहाय्य मिळवण्याचीही अपेक्षा होती. १६६३ च्या आरंभी सुटका झाली. पुढे १६७४ मध्ये याच कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन नजराणा घेऊन राज्याभिषेकास रायगडावर उपस्थित राहिला. ज्याच्या कैदेत आपली माणसे दोन वर्षे होती, त्याच्या दरबारात मान तुकवून उभे राहण्याची वेळ इंग्रजांवर आली. सूडाने एवढे साध्य झाले नसते.

या पार्श्वभूमीवर कसाबच्या चार वर्षांकडे पाहिले पाहिजे. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात त्याच्यासाठी विशेष कोठडी तयार करण्यात आली. तिला लागूनच विशेष न्यायालय उभारले गेले आणि कोठडीपासून न्यायालयापर्यंतचा मार्ग बंदिस्त, स्फोटालाही दाद न देणारा असा बांधण्यात आला. बाहेर भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचा पहारा, आत कारागृह खात्याचे कर्मचारी. धोका दुहेरी होता. त्याला पाठवणाऱ्यांनाच तो नकोसा झालेला होता, कारण तो त्यांच्या कटाचा बोलता पुरावा होता. आणि तुरुंगातल्या इतर कैद्यांपासून रस्त्यावरच्या सामान्य माणसापर्यंत कोणाच्याही मनात त्याच्याविषयी संताप धगधगत होता. तो संताप पहारेकऱ्यांच्या मनात नव्हता काय? हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे त्यांच्याच गणवेशाचे, त्यांच्याच मुंबईतले. त्यांच्या मारेकऱ्याला वेळेवर जेवण देणे, ताप आला तर डॉक्टर बोलावणे आणि हात न उगारणे, यासाठी मनाला जो लगाम घालावा लागतो, तो बंदूक चालवण्यापेक्षा अवघड आहे.

न्यायमूर्ती एम. एल. टहलियानी यांच्यापुढे सहाशेहून अधिक साक्षीदारांचा पुरावा आला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पायाला गोळी लागलेल्या दहा वर्षांच्या एका मुलीने कुबड्यांच्या आधाराने न्यायालयात येऊन समोर बसलेल्या कसाबकडे बोट दाखवले. जुलै २००९ मध्ये त्याने अचानक गुन्हा कबूल केला. तेव्हा ‘आता खटला कशाला हवा’ असा सूर उमटला. न्यायाधीशांनी मात्र त्या कबुलीवर खटला गुंडाळला नाही, पुरावा नोंदवणे चालू ठेवले. पुढे कसाबने कबुली फिरवली, तेव्हा या धीमेपणातले शहाणपण सर्वांच्या लक्षात आले. तो अल्पवयीन असल्याचा बचाव वैद्यकीय चाचणीने खोटा ठरला. ६ मे २०१० रोजी फाशीची शिक्षा झाली. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. न्यूरेम्बर्गच्या तीन सुटकांचे जे मोल, तेच या दोन सुटकांचे. जे न्यायालय सोडू शकते, त्याच्याच शिक्षेला जग मानते.

आता थोडे आत्मपरीक्षण केले पाहिजे. कसाबसाठी नेमलेल्या वकिलाच्या घरावर दगड भिरकावण्यात आले होते. ‘त्याला जनतेच्या ताब्यात द्या’ ही मागणी चौकाचौकात होत होती. आणि ‘कसाब तुरुंगात बिर्याणी खातो’ हे वाक्य तर घराघरात पोहोचले होते. व्याख्यानांत, अग्रलेखांत, दिवाणखान्यातल्या गप्पांत ते पुराव्यासारखे वापरले गेले. राष्ट्रप्रेमी म्हणवणाऱ्या मंडळींनीही ते उत्साहाने पुढे ढकलले. मार्च २०१५ मध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतःच जाहीर केले की, कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही गेली नव्हती. त्याच्याविषयी निर्माण होऊ लागलेली सहानुभूती मोडून काढण्यासाठी आपण ते बोललो होतो. निकम यांनी हा खटला किती समर्थपणे चालवला, याविषयी दुमत नाही. परंतु त्या एका वाक्याची किंमत कोणी मोजली? चार वर्षे डोळ्यांत तेल घालून जागलेल्या कारागृह कर्मचाऱ्यांनी ती मोजली. ते शत्रूचे लाड पुरवीत होते, असा समज सबंध देशात पसरला आणि नोकरीचे नियम तोंड बांधून असल्याने त्यांना त्याचे खंडन करता आले नाही. ज्यांनी ते वाक्य खरे मानून इतरांना सांगितले, त्यांच्यावर या माणसांचे एक ऋण आहे. ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

कसाबला जिवंत ठेवून काय साधले, याचा हिशेब रोख आहे. हल्ल्यानंतर प्रारंभीचे काही आठवडे पाकिस्तान सरकार कानावर हात ठेवून होते. जानेवारी २००९ मध्ये कसाब पाकिस्तानी नागरिक असल्याचे त्या देशाला मान्य करावे लागले. ही कबुली देणारे तेथील राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्रानी यांना पदच्युत करण्यात आले, यावरून तिचे महत्त्व कळते. कसाब चौपाटीवरच मारला गेला असता, तर दहा अनोळखी मृतदेहांवर पाकिस्तानने कोणतीही कहाणी रचली असती आणि आपल्याकडील काहींनी तिच्यावर विश्वासही ठेवला असता. ‘हे काम भारतातल्याच कोणाचे तरी’ अशी कुजबुज त्या वेळी झालीच होती. जिवंत आरोपी, नोंदलेला पुरावा आणि तीन पायऱ्यांवर तपासलेला निकाल यांपुढे ती टिकू शकली नाही. २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, तेव्हा तो निकाल जगातल्या कोणत्याही न्यायसभेपुढे ठेवावा असा होता. याउलट पाकिस्तानात याच कटातील प्रमुख आरोपी झकीउर रहमान लखवी याला डिसेंबर २०१४ मध्ये जामीन मिळाला आणि काही महिन्यांत तो तुरुंगाबाहेर पडला. तुरुंगाच्या किल्ल्या कोणाच्या हाती आहेत, यावर राष्ट्राची परीक्षा होते ती अशी.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. न्यायाचा धीमेपणा वेगळा आणि राजकीय इच्छाशक्तीचा अभाव वेगळा. संसदेवरील हल्ल्यातील अफजल गुरूची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कायम केली होती, प्रत्यक्ष अंमलबजावणी ९ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली. मधली वर्षे कोणत्याही पुराव्याच्या छाननीत गेली नाहीत, ती मतांच्या बेरजेत गेली. त्यावर टीका झाली ती रास्तच होती. परंतु त्या संतापाचा रोख खटल्याच्या विधीकडे किंवा कोठडीच्या पहाऱ्याकडे वळवणे म्हणजे चोराला सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

५ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी कसाबचा दयेचा अर्ज फेटाळला. अत्यंत गुप्तपणे त्याला येरवड्याला हलवण्यात आले आणि २१ नोव्हेंबरच्या सकाळी साडेसात वाजता शिक्षेची अंमलबजावणी झाली. बातमी देशाला नंतर कळली. दफनविधीही तुरुंगाच्या आवारातच उरकण्यात आला. चार वर्षांना पाच दिवस कमी असताना ती किल्ली खाली ठेवली गेली. गोअरिंगच्या बाबतीत अँड्रसला जे साधले नाही, ते महाराष्ट्राच्या कारागृह खात्याने साधले. या आरोपीच्या बाबतीत अखेरचा शब्द न्यायालयाचाच राहिला. त्या वेळी राज्याच्या कारागृह प्रशासनाची धुरा मीरा चढ्ढा-बोरवणकर यांच्याकडे होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मकथनात त्यांनी या प्रसंगाविषयी लिहिले, हे बरे झाले. परंतु एका वरिष्ठ अधिकाऱ्याने इंग्रजीत लिहिलेली काही पाने, एवढ्यावर हा विषय संपू नये.

मराठीला तुरुंगाचे साहित्य नवे नाही. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कारागृहात लिहिले. विनोबांची गीताप्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. त्याच गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली. स्वातंत्र्यवीर सावरकरांना अंदमानात कागदही मिळाला नाही, तेव्हा त्यांनी काव्य रचून ते मुखोद्गत केले आणि पुढे ‘माझी जन्मठेप’मध्ये बारी नावाच्या बंदिपालाचे जे चित्र रेखाटले, ते मराठी वाचकाच्या मनावर कायमचे कोरले गेले. आणीबाणीत येरवडा, नाशिक, ठाणे येथील तुरुंग ज्यांनी भोगले, त्यांच्या आठवणी तर अनेक वाचकांच्या घरात आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत. मराठी समाजाने तुरुंग पाहिला तो गजांच्या आतून. म्हणून तुरुंगाधिकारी म्हटला की डोळ्यांपुढे बारीच उभा राहतो. परंतु बंदिवानाला कागद नाकारणारा जसा तुरुंगाधिकारी असतो, तसा तो देणाराही असतो. विनोबांची प्रवचने झाली, तेव्हा दारावरच्या कोणीतरी ती होऊ दिली होती. स्वराज्यात किल्ली आपल्याच माणसांच्या हाती आली, पण गजांच्या बाहेरून तुरुंग कसा दिसतो, हे मराठीत फारसे कोणी लिहिले नाही.

ते लिहिले गेले पाहिजे. आर्थर रोड कारागृहाची मंजूर क्षमता ८०० च्या आसपास आणि प्रत्यक्षात कैदी त्याच्या कैक पट, अशा गर्दीत, अपुऱ्या मनुष्यबळात ज्यांनी हे काम केले, त्यांतले अनेक आता निवृत्त झाले आहेत. पोलीस आणि कारागृह खात्यात कोकणातल्या मुलांची परंपरा जुनी आहे. निवृत्तीनंतर गावी परतून आंबा-काजूच्या बागेत रमलेल्या एखाद्या शिपायाला घरच्यांनीही कधी विचारले नसेल की, त्या काळात तुमच्या मनात काय चालले होते. सुरक्षेची जी गुपिते आहेत ती गुपितेच राहावीत. परंतु माणसाच्या मनाची कहाणी हे गुपित नाही. स्थानिक वाचनालये, महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि सामाजिक संस्था यांनी या मंडळींकडे जावे, त्यांचे बोलणे टिपून घ्यावे. अँड्रसने ते एकट्याने केले. येथे समाजाने त्याला हातभार लावावा.

याची निकड आजची आहे. २६ नोव्हेंबरच्या कटातील आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून १० एप्रिल २०२५ रोजी भारतात आणण्यात आले आणि राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्याला अटक केली. सोळा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या पाठपुराव्याचे ते यश आहे. एखादा देश आरोपी सोपवतो, तेव्हा तो त्या देशाच्या तुरुंगावर आणि न्यायालयावर विश्वास टाकत असतो. राणाच्या वकिलांनी अमेरिकेत नेमका हाच मुद्दा काढला होता, भारतात त्याचा छळ होईल, असा. तेथील न्यायालयांपुढे तो टिकला नाही. तो न टिकण्याच्या पाठीशी कसाबच्या कोठडीत काहीही वावगे न घडू देणाऱ्या चार वर्षांची पुण्याई असणार, असे मानण्यास जागा आहे. पाकिस्तानात दडलेले उरलेले सूत्रधार कधी काळी हाती यायचे असतील, तर ही पुण्याई राखावी लागेल. पुन्हा कोणी बिर्याणीची कहाणी घेऊन आले, तर ती पुढे पाठवण्यापूर्वी कुलपापाशी उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा.

मालवणच्या धक्क्यावर आज नौकांची नोंदणी तपासली जाते, मच्छीमारांजवळ ओळखपत्रे असतात आणि किनाऱ्यावर सागरी पोलिसांची गस्त असते. अनोळखी होडी दिसली तर कळवायचे, हे येथील कोळी-गाबीत बांधवांच्या अंगवळणी पडले आहे. २००८ ने शिकवलेला तो धडा आहे. शत्रू आत येऊ नये म्हणून किल्ला लागतो आणि तो जलदुर्ग साडेतीनशे वर्षांपूर्वी बांधून ठेवणारा राजा या भूमीला लाभला. परंतु आत आलेला शत्रू हाती सापडल्यावर, न्यायाचा अखेरचा शब्द उच्चारला जाईपर्यंत त्याला राखण्यासाठी किल्ली लागते. राजापूरच्या इंग्रजांना दोन वर्षे राखणाऱ्या गडकऱ्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. आर्थर रोडच्या पहारेकऱ्यांच्या बाबतीत तरी ती चूक होऊ नये. या नोव्हेंबरात हुतात्म्यांपुढे दीप लावताना एक पणती त्या कुलपापाशी जागलेल्या अनाम माणसांसाठीही लावावी.